कानात शिरलेलं पाणी

समुद्रात बुडी मारणाऱ्यांचे कान का फुटतात? ते कानावर स्पंज का बांधतात? कानात तेल ओतलं तर आतला पडदा कमी फाटतो, तो का? आणि कानातला मळ कडू का असतो? हे प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेमाटा' या ग्रंथात आहेत. हा ग्रंथ त्याच्या शिष्यपरंपरेने नंतर वाढवत नेला, असं अभ्यासक मानतात. त्यातलं एक अख्खं प्रकरण कानाविषयी आहे आणि त्यातले कितीतरी प्रश्न पाणबुड्यांच्या कानाविषयी आहेत. ग्रीक समुद्रात स्पंज गोळा करणारे हे गरीब लोक. तत्त्वज्ञांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि प्रश्न विचारले, एवढं तरी झालं. त्या पाणबुड्यांना काय दुखत होतं, किती दुखत होतं, हे मात्र त्यांच्या तोंडून कुणी लिहून घेतलं नाही.

आज मला बोलायचं आहे ते कान आणि पाणी यांच्या या जुन्या वैराबद्दल. ज्याला डॉक्टर मंडळी 'स्विमर्स इअर' म्हणतात, म्हणजे पोहणाऱ्याचा कान, त्या दुखण्याची ओळख माणसाला कशी पटत गेली, याची ही हकीकत आहे. दुखणं तसं साधं. कानाच्या बाहेरच्या नळीला सूज येते, ती पिकते. पण हे साधं दुखणं नेमकं ओळखायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली, आणि आजही आपल्या घराघरांत ते चुकीचं ओळखलं जातं.

आधी कानाची थोडी ओळख करून घेऊ. कानाच्या पाळीपासून आतल्या पडद्यापर्यंत जाणारी नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक इंचभर लांब असते. ती सरळ नसते, थोडी वळण घेत जाते. तिचा बाहेरचा भाग कूर्चेचा आणि आतला भाग हाडाचा. हाडावरची कातडी इतकी पातळ, की तिच्याखाली मांसाची गादी अशी जवळपास नाहीच. म्हणून तिथे जरा सूज आली तरी वेदना असह्य होते. सुजेला पसरायला जागाच मिळत नाही. या नळीत जो मळ तयार होतो, त्याला आपण उगाच मळ म्हणतो. तो किंचित आम्ल असतो, चिकट असतो, पाणी अंगाला लागू देत नाही आणि जंतूंना वाढू देत नाही. आतली कातडीसुद्धा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि हा मळ आपोआप बाहेर आणून टाकते. निसर्गाने या नळीला पहारेकरीही दिला आहे आणि झाडूवालाही.

पाणी वारंवार आत शिरलं, तिथेच साचून राहिलं, की कातडी भिजून फुगते, मळाचा थर धुऊन जातो आणि आम्लता कमी होते. त्यात कुणी काडीने, पिनेने, चावीने कान कोरला की कातडीला ओरखडा पडतो. मग जंतूंना दार उघडं.

हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना माहीत होतं का? जंतू माहीत नव्हते. कारणं मात्र बरोबर माहीत होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांची नावंच पाहा. कर्णशूल म्हणजे कान ठणकणं, कर्णकंडू म्हणजे खाज, कर्णस्राव म्हणजे कान वाहणं, कर्णपाक म्हणजे कान पिकणं, पूतिकर्ण म्हणजे कानाला घाण वास येणं, बाधिर्य म्हणजे बहिरेपण. यातल्या कर्णस्रावाची कारणं सांगताना ग्रंथ म्हणतो, की डोक्याला मार लागल्याने, पाण्यात बुडी मारल्याने किंवा आतलं गळू पिकून फुटल्याने कान वाहतो. पुढे वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त कानाच्या रोगांची संख्या पंचवीस धरली आणि त्यांच्या कारणांत सर्दीपडशासोबत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या : जलक्रीडा आणि कान खाजवणं. आजच्या कुठल्याही कानाच्या डॉक्टरला विचारा, पोहणाऱ्याच्या कानाची मुख्य कारणं कोणती? तो याच दोन गोष्टी सांगेल.

फरक एवढाच, की जुन्या वैद्यांनी खाज, ठणका, स्राव, पाक यांना वेगवेगळे रोग मानलं. आज आपण त्यांना एकाच दुखण्याच्या पायऱ्या म्हणून वाचू शकतो. आधी कंडू, मग शूल, मग स्राव, मग बाधिर्य. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता थोडं पश्चिमेकडे जाऊ. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने वैद्यकावर ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, की डोळ्याचा आजार डोळ्यापुरता राहतो, पण कानाची सूज आणि वेदना माणसाला कधी वेडापर्यंत, कधी मृत्यूपर्यंत नेते. ही अतिशयोक्ती नव्हती. कानापासून मेंदूचं अंतर फार थोडं आहे आणि त्या काळी पू पसरला तर तो थांबवायला हाताशी काही नव्हतं.

दहाव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ अल् जहरावी नावाचा मोठा शल्यवैद्य होऊन गेला. सुमारे 1013 साली तो वारला. त्याच्या 'किताब अल् तसरीफ'मध्ये कानात अडकलेल्या गोष्टी काढण्याचं एक प्रकरण आहे. त्यात खडे आहेत, बिया आहेत, किडे आहेत आणि पाणीही आहे. कानात पाणी गेलं तर काय करावं? रोग्याला शिंका आणाव्यात. तेवढ्याने भागलं नाही तर छोटे लांबट दगड किंचित गरम करून त्यातला एक कानाला लावावा, त्याच बाजूच्या पायावर लंगडी घालायला सांगावं आणि दुसऱ्या दगडाने त्यावर हलके ठोकावं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि नवलही वाटलं. आमच्याकडे विहिरीवर पोहायला शिकणारी पोरं हेच करायची. पाठीला सुका भोपळा नाहीतर डालड्याचा रिकामा डबा बांधून उड्या मारायच्या, बाहेर आलं की उन्हात तापलेला खडा कानाला लावायचा, मान तिरकी करायची आणि एका पायावर उड्या मारायच्या. कानातलं कोमट पाणी सळ्कन बाहेर आलं की जो आवाज एकदम मोकळा होई, तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वेगळा सांगायला नको. त्या पोरांनी अल् जहरावीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं आणि त्यालाही बहुधा पोरांनीच ते शिकवलं असावं. काही इलाज ग्रंथातून गावात येतात, काही गावातून ग्रंथात जातात.

याच शतकात, थोडं आधी, बगदादचा प्रवासी अल् मसूदी आपल्या किनाऱ्यावर आला होता. सुमारे 916 साली तो सैमूरला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला पोचल्याचं तो स्वतः लिहितो. त्याने इराणच्या आखातातल्या मोती काढणाऱ्यांचंही वर्णन केलं आहे. हे लोक नाकावर कासवाच्या पाठीचा चिमटा लावत आणि कानात तेलात भिजवलेला कापूस घालत. मोत्याचे भाव, मोत्याचं पाणी, मोत्याचे व्यापारी यांच्याविषयी त्या काळच्या ग्रंथांत पानंच्या पानं मिळतात. कापूस घातलेल्या कानाला मिळते एखादी ओळ. आखातात असो की आपल्या दक्षिणेच्या मन्नारच्या खाडीत, मोती वर आणणारा माणूस दिवसातून कितीदा तरी खाली जात होता. त्याच्या कानाचं पुढे काय झालं, म्हातारपणी त्याला नातवंडांचा आवाज ऐकू येत होता का, हे कुणी विचारलं नाही.

पण हाडं बोलतात. थंड पाण्यात वर्षानुवर्षं उतरणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाडाच्या लहान गाठी उगवतात. पाण्याचा आणि वाऱ्याचा गारवा सारखा लागल्याने आतलं हाड जाड होतं. या गाठींच्या मागे पाणी अडकतं आणि कान पुन्हा पुन्हा पिकतो. उत्तर चिलीतल्या प्राचीन कवट्यांचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. समुद्रकाठच्या लोकांपैकी सुमारे तीस टक्क्यांच्या कानात अशा गाठी होत्या. डोंगराळ भागातल्या लोकांत त्या आढळल्याच नाहीत. 2019 साली एरिक ट्रिंकाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथल मानवांच्या कवट्या तपासल्या. ज्यांच्या कानाची नळी शाबूत होती अशांपैकी जवळजवळ निम्म्यांत या गाठी सापडल्या. म्हणजे आपला तो दूरचा भाऊबंदही पाण्यात उतरून पोट भरत असावा. ज्याची भाषासुद्धा आपल्याला माहीत नाही, त्याचा दुखरा कान मात्र आज ओळखता येतो.

दुखणं ओळखायचं तर आत पाहता आलं पाहिजे आणि कानाची नळी अंधारी. अल् जहरावी रोग्याला उन्हाकडे कान करून बसवायला सांगतो. 1363 साली फ्रान्समधल्या गी द शोलियाकने कान रुंद करून उन्हात पाहण्याच्या उपकरणाचा उल्लेख केला आहे. म्हणजे ढगाळ दिवशी कानाचं निदान बंद! ही अडचण 1841 साली हॉफमन नावाच्या एका जर्मन डॉक्टरने सोडवली. त्याने मधोमध भोक असलेला अंतर्गोल आरसा वापरला. प्रकाश आरशावरून कानात जाई आणि डॉक्टर भोकातून पाही. 1855 च्या सुमारास फॉन ट्रोल्च याने त्याचा प्रसार केला. आपल्या लहानपणीच्या चित्रांतल्या डॉक्टरच्या कपाळावर जो गोल आरसा असायचा, तो हाच. पुढे 1873 साली व्हिएन्नात पोलित्झर आणि ग्रुबर यांच्या हाताखाली कानाच्या रोगांसाठी विद्यापीठाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. कान ही वैद्यकातली स्वतंत्र शाखा झाली.

आत काय दिसलं, तर हिरवट पू. 1882 साली फ्रान्समधला लष्करी औषधशास्त्रज्ञ कार्ल जेसार याने जखमांच्या पट्ट्यांना येणाऱ्या निळ्या-हिरव्या रंगाचा छडा लावला आणि त्यामागचा जंतू वेगळा काढला. त्याचं आजचं नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा. ओलावा हे त्याचं माहेर. पोहणाऱ्याच्या कानामागे बहुतेक वेळा हाच असतो, हे कळायला मात्र आणखी साठेक वर्षं गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांचा भर बुरशीवर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोप-अमेरिकेचे सैनिक पूर्वेच्या उष्ण, दमट मुलखात आले आणि त्यांचे कान पिकू लागले. तेव्हा या दुखण्याला 'सिंगापूर इअर', 'हाँगकाँग इअर' अशी नावं मिळाली. पलटणीच पलटणी आजारी पडू लागल्यावर संशोधन झालं. बेन सेंतुरिया या अमेरिकी डॉक्टरने मळाचा स्निग्ध थर धुऊन जाणं हीच दुखण्याची पहिली पायरी, ही गोष्ट पुढे आणली. 1957 साली बाहेरच्या कानाच्या रोगांवर त्याचं स्वतंत्र पुस्तक निघालं.

हे नामकरण मला विचार करायला लावतं. सिंगापूरच्या लोकांचे कान त्याआधी दुखत नव्हते का? मन्नारच्या पाणबुड्याचा, कोकणातल्या खाडीत छातीभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईचा कान दुखत नव्हता का? दुखत होता. पण ज्याच्या दुखण्याने कुणाचं काम अडत नाही, त्याच्या दुखण्याला नाव मिळायला उशीर लागतो.

'पोहणाऱ्याचा कान' हे नावही थोडं फसवं आहे. ज्याने आयुष्यात नदी पाहिली नाही त्यालाही हे दुखणं होतं. पावसाळ्यातली दमट हवा, घाम, डोक्यावरून अंघोळ, तासन् तास कानात घातलेले इअरफोन, श्रवणयंत्र, आणि सगळ्यांत मोठा अपराधी म्हणजे कान कोरण्याची सवय. आपल्याकडे कान साफ करणं हा एकेकाळी रस्त्यावरचा धंदा होता. उत्तरेत ज्यांना कानमैलिये म्हणतात, त्यांची चित्रं कंपनी सरकारच्या काळातल्या चित्रकारांनी काढून ठेवली आहेत : डोक्याला पागोटं, हातात बारीक सळई, समोर डोळे मिटून बसलेलं गिऱ्हाईक. ते गिऱ्हाइकाचं सुख खरं होतं, यात शंका नाही. 1923 साली अमेरिकेत लिओ गेरस्टेनझँग याने आपल्या बायकोला काडीला कापूस गुंडाळताना पाहिलं आणि कापसाची तयार काडी बाजारात आणली. तेव्हापासून प्रत्येकजण स्वतःचाच कानमैलिया झाला. ती काडी मळ बाहेर काढण्यापेक्षा आत ढकलते आणि पातळ कातडीला ओरखडे पाडते. त्यापेक्षा आमच्या वडीलधाऱ्यांचा अत्तराचा फाया बरा. तो कानाच्या बाहेरच्या खोबणीत राहायचा, आत जायचा नाही.

आता ओळखीच्या खुणा. सुरुवात खाजेने होते. कान आत कुठेतरी खाजतो, दडे बसल्यासारखे वाटतात. माणूस इथेच करंगळी घालतो आणि दुखणं वाढवतो. मग ठणका लागतो. या ठणक्याची खास खूण म्हणजे कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या भोकापुढची छोटी कुडी दाबली की कळ येते. घास चावतानाही दुखतं. आमच्या शाळेत गुरुजी कान पिळायचे. पोहून आलेला एखादा पोरगा जरा कान धरला तरी किंचाळायचा आणि त्याला ढोंगी म्हणून आणखी एक रट्टा बसायचा. खरं तर गुरुजींच्या हातून त्या वेळी नकळत अचूक निदान झालेलं असे! पुढे पाण्यासारखा, नंतर पिवळट-हिरवट स्राव येतो, नळी सुजून बंद होते आणि ऐकू कमी येतं. कधी कानाभोवती गाठी येतात, कधी ताप येतो.

याच्या शेजारचं दुखणं म्हणजे पडद्याच्या आतल्या, मधल्या कानाचं. ते लहान मुलांना सर्दीपडशानंतर होतं, तापासोबत येतं आणि त्यात पाळी ओढल्याने वेदना सहसा वाढत नाही. पडदा फुटून पू बाहेर येतो तेव्हा ठणका उलट थांबतो आणि घरचे म्हणतात, चला, बरं झालं. दोन्ही दुखण्यांवर आपल्या घरात एकच इलाज असतो : लसूण घालून कढवलेलं तेल. पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ मधल्या कानात जातं. आजीच्या मायेत खोट नसते, पण पडदा शाबूत आहे की नाही हे आजीला दिसत नाही. ते पाहायला डॉक्टरचा दिवाच लागतो.

आणि एक खूण अशी, जिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. 1959 साली मेल्टझर आणि केलेमन यांनी या जंतूने कवटीचं हाड पोखरल्याची नोंद केली; 1968 साली मायामीच्या जेम्स चँडलर यांनी तेरा रुग्णांचा अभ्यास मांडला. जंतू कानाच्या कातडीतून कवटीच्या हाडात उतरतो. हे होतं ते मुख्यतः वयस्क मधुमेही माणसांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांना. आपल्या देशात घरटी नसला तरी गल्लीत चार-दोन मधुमेही असतातच. अशा माणसाचा कान रात्री झोपू देत नसेल, औषध घालूनही ठणका कमी होत नसेल, तोंड वाकडं होऊ लागलं असेल, तर एक दिवसही थांबू नये. पूर्वी यात माणसं मोठ्या संख्येने दगावत. आज वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक वाचतात; सगळं अवलंबून असतं ते वेळेवर ओळखण्यावर.

साध्या दुखण्याचा इलाज साधाच आहे. अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2006 साली दिलेल्या आणि 2014 साली सुधारलेल्या मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे, की कान साफ करून थेंब घालावेत. दुखणं कानापुरतं असेल तर पोटात प्रतिजैविकाच्या गोळ्या घेण्याची सहसा गरज नाही. नळी फार सुजली असेल तर डॉक्टर कापसाची वात आत ठेवतात, म्हणजे औषध खोलवर पोचतं. मोती काढणाऱ्याच्या कानातला कापूस हजार वर्षांनी असा परत आला. पोहून आल्यावर मान तिरकी करून पाणी निथळू द्यावं, बाहेरून टॉवेलने कोरडं करावं आणि कान कोरू नये. कान दुखत असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत पाण्यापासून दूर राहावं.

उन्हाळ्याच्या सुटीत विहिरी आणि तलाव पोरांनी भरून जातील, आणि जावेतच. पोहणं सोडण्याचं काही कारण नाही. फक्त संध्याकाळी एखादं पोरगं जेवताना एका बाजूने चावत असेल, उशीवर एक कान टेकवत नसेल, हाक मारल्यावर ओ देत नसेल, तर त्याला आळशी किंवा उद्धट म्हणण्याआधी जवळ बोलवा. कानाची पाळी अगदी हलक्या हाताने ओढून पाहा. त्याचा चेहरा काय ते सांगेल. मग तेलाची बुधली खाली ठेवा आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा.